जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती आणि विकास आराखडा : कोणते काम कधी, कोणत्या क्रमाने

केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी) असताना शाळेत गेलो की मी आधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्तांची वही मागायचो आणि मजकुराआधी शाई बघायचो. बारा महिन्यांची बारा इतिवृत्तं एकाच निळ्या पेनानं, एकाच दमात लिहिलेली असली की पुढं फारसं वाचावं लागत नसे. एका शाळेत जानेवारीच्या बैठकीला एका आईची झोकदार सही होती. बाई दिवाळी झाल्या झाल्या ऊसतोडीला गेल्या होत्या, आणि शाळेच्या इतर कागदांवर त्यांचा अंगठा होता.

अशा बहुतेक शाळांत कुणाचा हेतू वाईट नसतो. क्रम चुकलेला असतो. शाळेची व्यवस्थापन समिती घाईत होते, निकष कुणी तपासत नाही, मार्चमध्ये गटशिक्षण कार्यालयातून (तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून) शाळेच्या विकास आराखड्याचा निरोप येतो आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांवर नवी तारीख पडते. आणि वर्गखोली का मंजूर होत नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो.

पुढचं सगळं जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महापालिकेच्या शाळांसाठी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (१ एप्रिल २०१० पासून लागू) याचं कलम २१ समितीबद्दल आणि कलम २२ आराखड्याबद्दल आहे. राज्याचे नियम २०११ चे. खासगी अनुदानित शाळेतही समिती लागते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथं तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही.

## १. पालकसभेआधीची तयारी (जून-जुलै)

समितीची मुदत दोन वर्षांची. ती संपण्याआधी महिनाभर तरी तयारी सुरू करा. तीन गोष्टी टेबलावर हव्यात.

पहिली, लागू शासन निर्णयाची प्रत. एप्रिल २०२५ मध्ये शासनानं शाळास्तरावरच्या बऱ्याच समित्या एकत्र केल्या. पूर्वी वेगळ्या असलेल्या काही समित्यांची कामं आता व्यवस्थापन समितीकडे आली आहेत. त्यामुळे जुनी फाइल उघडून रचना उतरवू नका. गटशिक्षण कार्यालयातून चालू प्रत मागून घ्या.

दुसरी, जनरल रजिस्टर आणि हजेरीपटावरून काढलेली पालकांची यादी : इयत्तानिहाय, आई आणि वडील दोघांची नावं, वंचित गट व दुर्बल घटकातली मुलं किती. या घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या आहेत. हे प्रमाण सभेच्या दिवशी तोंडी काढायला गेलात की भांडण होतं.

तिसरी यादी कुठल्याच परिपत्रकात नाही, पण मी ती आवर्जून करायला लावायचो : दिवाळीनंतर कोणती कुटुंबं गाव सोडतात. ऊसतोड, वीटभट्टी, मुंबई-पुण्याचं काम, जे असेल ते. या पालकांना समितीतून वगळायचं नाही, उलट त्यांचीच मुलं शाळेतून गळतात. पण त्यांच्याशी संबंधित निर्णय दिवाळीआधी घ्यायचे, हे यादीवरून कळतं. हंगामी वसतिगृहाची मागणी करायची असेल तर हीच यादी लागते.

सभेची सूचना लेखी काढा, मुलांच्या वहीत लिहून द्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. बाजाराचा दिवस टाळा. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरी बुडवून या, असं सांगण्यासारखं आहे. संध्याकाळी ठेवा, बायका येतील.

थांबा, तपासा : सूचनेची तारीख आवक-जावक रजिस्टरला चढली का? निवडीवर हरकत आली की पहिला प्रश्न सूचना पोचल्याचा असतो.

## २. सदस्यसंख्येचं गणित

सगळ्यात जास्त समित्या इथं चुकतात, म्हणून सावकाश वाचा.

समिती १२ ते १६ जणांची. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव, त्यांना या संख्येत धरायचं नाही. कायद्याच्या दोन अटी आहेत : किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात.

१२ जणांची समिती केली तर ९ पालक, ३ इतर, किमान ६ महिला. १६ जणांची केली तर १२ पालक, ४ इतर, किमान ८ महिला. हे दोन्ही आकडे सरळ बसतात. गडबड मधल्या आकड्यांत होते. १४ जणांच्या समितीचे पंचाहत्तर टक्के म्हणजे साडेदहा. अर्धा पालक नसतो, म्हणून लोक १० धरतात आणि चार जागा गावातल्या मंडळींना देतात. १४ पैकी १० म्हणजे ७१ टक्के झाले, समिती कायद्यात बसली नाही. तिथं ११ पालक हवेत. माझा सल्ला सोपा : लहान शाळेनं १२, मोठ्या शाळेनं १६ घ्यावेत, मधल्या भानगडीत पडू नये.

इतर जागांवर स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले सदस्य (गावात म्हणजे ग्रामपंचायत सदस्य), शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि पालकसभेनं निवडलेले स्थानिक शिक्षणप्रेमी येतात.

इशारा : ज्याचं मूल आज शाळेच्या पटावर नाही तो ‘पालक’ नव्हे. नातू शाळेत आहे म्हणून आजोबांना पालक गटात घालायचं, तर मुलाचे आईवडील हयात आणि सोबत असताना ते टिकत नाही. शेवटच्या इयत्तेतल्या मुलांचेच पालक निवडलेत तर पुढच्या जूनला त्यांची मुलं शाळा सोडतील आणि समिती अर्धी रिकामी होईल. पहिली ते तिसरीच्या पालकांना आवर्जून उभं करा.

## ३. पालकसभा आणि निवड

सभेचा क्रम असा ठेवा : आधी समितीचं काम काय ते पाच मिनिटांत सांगायचं, मग जागांची विभागणी फळ्यावर लिहायची, मग इयत्तावार नावं मागायची. फळ्यावर लिहिणं महत्त्वाचं. ‘महिला ६, झाल्या ४’ हे सगळ्यांना दिसलं की आणखी दोन हात आपोआप वर होतात.

प्रत्येक नावाला सूचक आणि अनुमोदक लिहा. दोन नावं आली तर हात वर करून किंवा चिठ्ठीनं मतदान घ्या आणि मतं नोंदवा. ‘सर्वानुमते’ हा शब्द खरोखर एकमत झालं असेल तरच वापरा.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांतूनच येतात. सरपंच गावचे पहिले नागरिक म्हणून अध्यक्ष, असं अजूनही काही ठिकाणी होतं. सरपंचांचं मूल त्या शाळेत असेल आणि ते पालक म्हणून निवडून आले असतील तर गोष्ट वेगळी. नसेल तर नाही. हे त्यांना सभेत सांगण्याऐवजी आदल्या दिवशी घरी जाऊन सांगावं. भर सभेत सांगितलं की शाळेची पाण्याची जोडणी दोन वर्षं अडकते.

आणखी एक. महिला सदस्य निवडून येते आणि बैठकीला तिचे पती येऊन बसतात. पहिल्याच बैठकीत चहा देऊन त्यांना बाहेरच्या बाकावर बसवा. पहिल्यांदा जमलं नाही तर नंतर जमत नाही.

## ४. बैठका आणि इतिवृत्त

महिन्याला किमान एक बैठक. तारीख ठरलेली असली की निरोप धाडावे लागत नाहीत : दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, असं काही.

इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य दिसलं की समजावं, चर्चा झाली नाही. ठराव असा लिहा : काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं हा. सह्या बैठक संपताना तिथंच घ्या, वही घरोघर फिरवू नका. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहा.

समितीला काय करता येतं? शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आराखडा तयार करून शिफारस करणं, अनुदानाच्या खर्चावर देखरेख. शिक्षक वेळेवर येतात का, मुलांची हजेरी, पोषण आहाराची चव आणि वजन, हे सगळं यात आलं. शिक्षकाला नोटीस काढणं किंवा रजा मंजूर करणं यात येत नाही. ते प्रशासनाचं काम.

इशारा, आणि हा सगळ्यात गंभीर : मुलाच्या लैंगिक छळाची तक्रार आली तर समितीनं बैठक बोलवून ‘गावात मिटवायचं’ नाही. पोक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मुलाचं नाव इतिवृत्तात लिहू नका.

## ५. निकषांची पडताळणी : टेप आणि वही घेऊन

आराखड्याआधी शाळा कायद्याच्या परिशिष्टाशी ताडून पाहायची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसात करा. गळकं छत मार्चमध्ये दिसत नाही.

शिक्षक. पहिली ते पाचवीला पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला की पाच शिक्षक आणि शिवाय मुख्याध्यापक. २०० च्या वर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक, ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा या तिन्हींना शिक्षक हवेत. मंजूर पदं आणि हजर माणसं असे दोन रकाने वेगळे करा. प्रतिनियुक्तीवर गेलेला शिक्षक मंजूर रकान्यात दिसतो, वर्गात दिसत नाही.

खोल्या. एका शिक्षकामागे एक वर्गखोली, शिवाय कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांची मिळून एक. वापरण्याजोग्या खोल्याच मोजा. चार शिक्षक, खोल्या चार, पण एकीचे पत्रे गळतात आणि दुसरी निर्लेखनाच्या (अधिकृतपणे वापरातून बाद करण्याच्या) प्रतीक्षेत, तर गरज ‘शून्य’ नसून दोन वर्गखोल्यांची आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव गेला नसेल तर धोकादायक खोली कागदावर चांगलीच राहते आणि नवी मंजूर होत नाही. आधी निर्लेखन, मग मागणी.

बाकीच्या सोयी. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय. स्वच्छतागृह ‘आहे’ असं लिहिण्याआधी कडी लावून बघा आणि नळ सोडून बघा. रॅम्प आहे पण वरच्या टोकाला उंबरा आहे, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही.

तास. पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. हे अध्यापनाचे तास आहेत. परिपाठ आणि मधली सुट्टी वजा करा. सहावीच्या वर्गाला रोज निव्वळ साडेचार तास मिळत असतील तर २२० दिवसांत ९९० होतात, दहा तास कमीच. स्थानिक सुट्ट्या देण्याआधी हा हिशेब करा. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास मात्र तयारीसकट धरायचे आहेत.

## ६. तीन वर्षांच्या पटाचा अंदाज

आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात तीन वार्षिक उपआराखडे. त्याचा पाया म्हणजे इयत्तानिहाय पटाचा अंदाज. बहुतेक ठिकाणी चालू पटात दहा टक्के मिळवले जातात, आणि तपासणारा एका नजरेत ते ओळखतो.

अंगणवाडीत जा. सेविकेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखा असतात. पहिलीत प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे जून २०२७ ला पहिलीत येणारी मुलं मुख्यतः २०२१ मध्ये जन्मलेली. २०२२ ची जून २०२८ ला, २०२३ ची जून २०२९ ला. त्यातून इंग्रजी शाळेच्या गाडीत जाणारी वजा करा, प्रामाणिकपणे. वस्तीवर, भट्टीवर आलेल्या कुटुंबांतली मुलं मिळवा. वरच्या इयत्तांसाठी आजचा वर्ग एक पायरी पुढं सरकवा.

उदाहरण घ्या. पहिली ते पाचवीचा पट आज ५८, म्हणजे दोन शिक्षक. अंगणवाडीच्या आकड्यांवरून पुढच्या वर्षी ६४ दिसतात. ६० ची रेघ ओलांडली, तिसरा शिक्षक आणि तिसरी खोली लागणार. हे सहा विद्यार्थी नावानिशी जोडलेत तर मागणीत दम येतो.

थांबा, तपासा : विद्यार्थ्याचं नाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टर, ऑनलाइन नोंद आणि आधारवर एकच आहे का? ‘गणेश’चा ‘गनेश’ झाला की संच मान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होण्याच्या) वेळी धावपळ होते. मात्र आधार किंवा जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ तसं स्पष्ट सांगतं. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला थांबवता येत नाही.

## ७. आराखडा लिहिणं (ऑक्टोबर ते डिसेंबर)

आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी आराखडा तयार हवा. म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत. मार्च ही सादर करण्याची शेवटची हद्द आहे, लिहायला बसण्याची वेळ नव्हे.

आत चार गोष्टी लागतात : इयत्तानिहाय पट, जादा शिक्षकांची गरज (पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी वेगळी), जादा भौतिक सुविधा व साहित्य, आणि त्यासाठी लागणारा वर्षनिहाय पैसा. चौथ्या भागात लोक ‘अंदाजे ५ लाख’ लिहितात. दुरुस्तीचं अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून मागा. वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरमध्येच अर्ज करा.

मागणी कशी लिहावी? ‘स्वच्छतागृह दुरुस्ती आवश्यक’ असं नको. ‘मुलींच्या स्वच्छतागृहाचे दोन्ही दरवाजे कुजलेले, पाण्याची टाकी फुटलेली, मुली ३१, मधल्या सुट्टीत घरी जातात आणि त्यातल्या काही परत येत नाहीत’ असं लिहा. फोटो जोडा, फोटोमागे तारीख घाला.

सगळं एकाच दारावर मागू नका. कुंपण, पाणी, शौचालय यांतली बरीच कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसतात, आणि पुढच्या वर्षाचा तो आराखडा ऑक्टोबरपासूनच्या ग्रामसभांत ठरतो. समितीचा ठराव घेऊन अध्यक्षांनी त्या सभेला जावं. शाळेचा आराखडा मार्चमध्ये करणाऱ्यांची ही संधी दरवर्षी हुकते. तसंच, कामासाठी गाव सोडणारे पालक तोवर निघून गेलेले असतात. त्यांच्या मुलांचा विषय दिवाळीआधीच्या बैठकीत घ्या.

## ८. ठराव, सह्या, पोच

मसुदा पालकसभेत वाचून दाखवा. एवढंच केलं तरी निम्म्या चुका निघतात, कारण गावातल्या बोअरला पाणी कधी आटतं हे मुख्याध्यापकांपेक्षा बायकांना जास्त ठाऊक असतं. मग समितीचा ठराव, अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सदस्य सचिव यांची सही, आणि आर्थिक वर्ष संपण्याआधी स्थानिक प्राधिकरणाकडे सादर. व्यवहारात केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षण कार्यालयात.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणा. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवला’ ही पोच नाही. आराखड्यातले आकडे आणि यूडायस प्लसमध्ये (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) भरलेले आकडे जुळवा. आराखड्यात खोल्या तीन आणि यूडायसमध्ये पाच असतील, तर वर यूडायसचा आकडाच धरला जातो.

## ९. अनुदान आलं की

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १००० ला ७५,०००, त्यापुढं १ लाख रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पट ६४ असेल तर २५,००० पैकी २,५०० साबण, फिनेल, टाकीची सफाई यांना राखून ठेवायचे.

क्रम उलटा करू नका : आधी ठराव, मग खरेदी, मग व्हाउचर, साठा नोंदवही, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि शेवटी विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला). आधी सामान आणून ठरावाची तारीख मागची घातली की लेखापरीक्षणात सापडतं, कारण बिलावर दुकानदार खरी तारीख लिहितो. आलेली रक्कम आणि झालेला खर्च शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहा.

## १०. काम अडलं तर

आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, लेखी. तरीही हलत नसेल तर कलम ३२ वापरा. मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीला आराखड्याची शिक्का असलेली प्रत, संबंधित ठराव आणि तारखेचे फोटो जोडा. ठरावाच्या प्रतीवर सह्या त्या दिवशी हजर असलेल्यांच्याच आहेत ना, हे पाकीट बंद करण्याआधी हजेरीशी एकदा ताडून बघा.